पितळ ड्रममध्ये घासताना भर कुठली घ्यावी? आधी भोक बघा

गणपतीला आठ दिवस उरले होते, जाखडी नाचाचा संच तालमीला लागला होता आणि शाहीरकाकांच्या हातात मी उजळून दिलेला घुंगरांचा चाळ होता. रंग असा की नवा वाटावा. त्यांनी तो एकदा हलवला, कानाशी नेऊन पुन्हा हलवला आणि म्हणाले, "पिवळा छान झालाय रे. आता वाजणार कसा?"

चाळ मुका झाला होता. प्रत्येक घुंगराच्या फटीत अक्रोडाच्या टरफलाचा एकेक दाणा बसला होता, पाचर मारावी तसा. घुंगराची फट साधारण दीड मिलिमीटर आणि मी वापरलेला भरडा पाऊण ते पावणेदोन मिलिमीटरचा. म्हणजे मी माप घेऊन बुचंच ठोकली होती म्हणा ना. दोन रात्री दाभण घेऊन बसलो तेव्हा चाळाला आवाज फुटला.

पितळेच्या बारीक वस्तू ड्रममध्ये टाकून फिरवायची ही पद्धत आता आपल्याकडेही बरेच जण घरगुती प्रमाणावर करतात. कुणी घुंगरं, कुणी समईचे सुटे भाग, कुणी जुने कडी-कोयंडे, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडचे लोक होड्यांचे पितळी नट आणि वॉशर घेऊन येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "चमक कशानं जास्त येते?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी बघायचं भोक, मग मळ आणि मग आपल्या हवेत ती वस्तू वाळणार कशी. भर या तीन गोष्टींवर ठरते.

ड्रममध्ये वस्तूंबरोबर जे घालतो त्याला कारखान्यात 'मीडिया' म्हणतात. मी 'भर' म्हणतो.

आधी वस्तू हातात घ्या

ड्रमजवळ जाण्याआधी चार गोष्टी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

लोहचुंबक लावा. चिकटला तर वस्तू लोखंडी आहे आणि वरून पितळेचा मुलामा आहे. ती ड्रममध्ये घातलीत तर मुलामा जाईल आणि खालचं लोखंड आठवड्याभरात तांबेरेल. घुंगराला चुंबक आतून चिकटतो, कारण आत बहुधा लोखंडी गोळी असते. त्यामुळे घुंगरू कधीही ओल्या ड्रममध्ये घालायचं नाही. पितळ उजळेल, पण आतली गोळी गंजून फुगेल आणि चार महिन्यांनी फटीतून तांबडं पाणी गळायला लागेल.

दुसरं, कल्हई. आतून कल्हई केलेलं पातेलं, तपेली किंवा वाटी ड्रममध्ये नको. कल्हईचा थर कथलाचा असतो, पातळ आणि मऊ, तो पितळेच्या आधी घासून निघतो. स्वयंपाकाची कुठलीच भांडी मी ड्रममध्ये घालत नाही, त्याचं आणखी एक कारण पुढे येईल.

तिसरं, सगळी भोकं, फटी आणि आटे मोजा. अंदाज नको. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, नसेल तर ड्रिलची पातं एकेक घालून बघा, जे नेमकं बसेल ते माप.

चौथं, वय आणि मान. देवळातली जुनी घंटा, पालखीचे दागिने, ज्याच्यावर अक्षरं कोरलेली आहेत असं काहीही ड्रममध्ये जाणार नाही. ड्रमला कोरीव काम आणि मळ यांतला फरक कळत नाही. मागे एकांनी आजीच्या नावाचा गडू आणला होता, मी परत पाठवला. त्यांना राग आला. येऊ दे.

मळ कुठला आहे?

समईच्या वाटीत जो हिरवा, मेणासारखा चिकट थर बसतो तो गंज नव्हे, निदान नुसता गंज नव्हे. तेल जुनं झालं की त्यातली आम्लं तांब्याशी लागतात आणि तांब्याचा साबण तयार होतो. त्यावर काजळी बसते. हा थर कुठल्याही कोरड्या भरीनं निघत नाही. उलट भर चिकट होते, दाणे एकमेकांना धरतात आणि तासाभरानं ड्रममध्ये भरडा नव्हे, चिक्की सापडते. आधी तेल काढायचं. गरम पाण्याच्या बादलीत दोन मुठी धुण्याचा सोडा घालायचा, वस्तू अर्धा तास बुडवून ठेवायच्या आणि काथ्याच्या चोथ्यानं घासायच्या. बादली ॲल्युमिनियमची नको, सोडा तिला खातो.

खारट हवेतला हिरवा-निळसर, पावडरीसारखा थर वेगळा. तो क्लोराइडचा, म्हणजे समुद्राचा. होडीच्या सामानावर आणि किनाऱ्यावरच्या घरांतल्या खिडक्यांच्या कड्यांवर तो हमखास असतो. तो नुसता घासून चालत नाही, कारण मीठ खाचेत राहतं आणि पहिल्या दमट दिवशी पुन्हा हिरवं फुटतं. अशा वस्तू आधी गोड्या पाण्यात दोन दिवस भिजत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदला.

आणि कुठे पितळ गुलाबी दिसत असेल तर थांबा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते भुसभुशीत तांबं. ते उजळत नाही, झिजतं. होडीचा असा बोल्ट मी उजळून देत नाही, नवा घ्यायला सांगतो. तो दिसायला बोल्ट असतो, पकडीनं पिळला की चॉकलेटसारखा मोडतो.

भरीचे प्रकार, माझ्या अनुभवाच्या क्रमानं

सगळ्यात आधी मापाचा नियम, कारण मी तो चाळाच्या बदल्यात शिकलोय. भरीचा दाणा भोकाच्या एक तृतीयांशापेक्षा लहान असावा, नाहीतर भोकाच्या दीडपट तरी मोठा असावा. मधलं माप घेतलंत की अडकलंच. भोकाच्या बरोबर निम्म्या जाडीचे दाणे तर सगळ्यात वाईट: दोन दाणे जोडीनं शिरतात आणि एकमेकांना रेटून बसतात. ते काढायला दाभणही पुरत नाही. आणखी एक, भर झिजते. आज भोकापेक्षा मोठा असलेला तुकडा दहा वेळा फिरल्यावर नेमका भोकाएवढा होतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर भर चाळायची.

*अक्रोडाच्या टरफलाचा भरडा.* कोरड्या भरीतला हा कामसू गडी. कडक, पण पितळेला ओरखडा पाडत नाही. काळपट थर आणि हलका हिरवा गंज काढतो. बाजारात तो जाळीच्या नंबरावर मिळतो: १२/२० म्हणजे साधारण १.७ ते ०.८५ मिलिमीटर, २०/४० म्हणजे ०.८५ ते ०.४. नंबर वाढला की दाणा बारीक. सपाट वस्तूंना, बटणांना, भोक नसलेल्या कड्यांना १२/२० उत्तम. नुसता भरडा मळ काढतो, झळाळी देत नाही. झळाळीसाठी त्यात दोन चमचे कारचं लिक्विड पॉलिश घालायचं आणि वस्तू न घालता भर एकटीच पंधरा मिनिटं फिरवायची, गुठळ्या मोडेपर्यंत. पॉलिशच्या डबीवर अमोनिया लिहिलेलं असेल तर ती परत ठेवा, कारण पुढे सांगतो. लाल रूज, म्हणजे पॉलिशची लाल भुकटी, लावलेला तयार भरडा मिळतो, तो मी एकदाच आणला. काम चांगलं करतो, पण कोपऱ्याकोपऱ्यांत लाल भुकटी बसते आणि पांढऱ्या कपड्यांना लागते.

*दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा.* अक्रोडापेक्षा मऊ. मळ काढायला कमी, झळाळीला जास्त. मी दोन टप्पे करतो: आधी अक्रोड तीन-चार तास, मग कणीस दोन तास. फार मळकट नसेल तर नुसतं कणीस पुरतं. आपल्याकडे त्याची एक खोड आहे: पाणी ओढतं. घाटावरच्या माणसाला हा गुण वाटेल, जूनमध्ये कोकणात हा दोष आहे. पावसाळ्यात उघडं पोतं ठेवलंत तर आठवड्यात दाणा फुगून जड होतो आणि त्याला बुरशीचा वास येतो. मी ते पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि वापरायच्या आधी परातीत पसरून चुलीच्या बाजूला तासभर शेकतो.

*करवंटीचे तुकडे.* दुकानात मागितलेत तर हसतील, पण घुंगरांसाठी मी शेवटी यावरच येऊन थांबलो. करवंटी वाळवून, आतलं खोबरं आणि वरच्या शेंड्या खरवडून, हातोडीनं फोडायची आणि तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्यायचे. ताजे तुकडे धारदार असतात, म्हणून पहिल्यांदा ते एकटेच रात्रभर ड्रममध्ये फिरवायचे. सकाळी कडा गोल होतात आणि तळाशी मूठभर तपकिरी भुकटी पडते, ती फेकायची. घुंगराच्या दीड मिलिमीटर फटीत हा तुकडा शिरूच शकत नाही. फटीच्या आतली कड उजळत नाही हे खरं, पण ती कोण बघतो? चाळ वाजायला हवा.

*तांदूळ.* बरेच जण सुचवतात. सपाट वस्तूंना चालतो, तोही उकडा घ्यावा, तो सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा कडक असतो आणि कमी तुटतो. पण तुटलेली कणी भोकात बसते आणि दमट हवेत पिठूळ होते. आमच्या घरात अन्न असं वापरायला नको म्हणतात, तेही मला पटतं. भाताचा तूस मात्र उपयोगी आहे. त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे तो हलक्या हातानं घासतो, पण फार हलका असल्यानं एकटा काही करत नाही. मी तो ओल्या वस्तू सुकवायला वापरतो.

*स्टीलच्या पिना.* ओल्या ड्रमचा राजा. १.२ मिलिमीटर जाड, साडेसहा मिलिमीटर लांब, स्टेनलेस स्टीलच्या, पाणी-साबणासकट. आट्यांत, खोबणीत, नळीच्या आत, जिथे भरडा पोचत नाही तिथे या पोचतात आणि कधी झिजत नाहीत. मीठ लागलेल्या होडीच्या सामानाला मी दुसरं काही वापरत नाही, कारण पाणी मीठही घेऊन जातं. पिनांचे तोटे दोन. फार वेळ फिरवलंत तर धारा आणि कडा ठोकून बोथट होतात, तोंडावर कॉलर उमटल्यासारखी दिसते. आणि पिना गळतात. या पिना चुंबकाला अर्धवटच चिकटतात, त्यामुळे चुंबक फिरवला म्हणजे सगळ्या आल्या असं समजू नका. मी प्रत्येक वस्तू बादलीभर पाण्यात उलटी-सुलटी हलवतो. घुंगराला पिना कधीच नाहीत. आतली गोळी गंजेल हे एक, आणि एखादी पिन आत राहिली तर प्रत्येक पावलाला दोन आवाज येतील हे दुसरं.

*सिरॅमिकचे तुकडे.* त्रिकोणी किंवा तिरके कापलेले. हे मळ काढत नाहीत, धातू काढतात. ओतीव कामाची कड, करवतीनं कापल्यावर कडेला उरलेला खरबरीत बर मोडायला ठीक, उजळायला नकोत.

आता काय घालायचं नाही. किनाऱ्याची वाळू नको, फुकट आहे म्हणून तर नकोच. त्यातला गारगोटीचा दाणा पितळेपेक्षा दुप्पट कडक असतो, काळी वाळूही पितळेला भारी पडते, आणि वर मीठ. काजूची टरफलं नकोत. त्यातलं तेल हाताला फोड आणतं हे कोकणात कुणाला सांगायला नको, पण एका हौशी माणसानं 'अक्रोड चालतो तर काजू का नाही' म्हणून भरडली होती. पंधरा दिवस हात घेऊन फिरत होता. फणसाचा किंवा खैराचा भुसा नको, एकातला पिवळा रंग आणि दुसऱ्यातला कात पितळेला डाग देतात.

ड्रम, वेग आणि भरणा

बाजारात कंप देणारी तयार यंत्रं मिळतात, ती कोरड्या भरीला छान. माझा मात्र घरचा फिरता ड्रम आहे: तीस सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा, आत सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. रबर असलं की आवाज कमी होतो आणि वस्तू घसरत नाहीत, वर उचलल्या जाऊन मग गडगडत खाली येतात. घासण्याचं काम त्या गडगडण्यातच होतं.

वेग जास्त झाला की माल भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो आणि काहीच घासलं जात नाही. ही मर्यादा काढायचं साधं सूत्र आहे: ४२.३ ला ड्रमच्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळानं भागा. तीस सेंटिमीटर ड्रमला ७७ फेरे येतात. त्याच्या निम्म्याच्या आसपास राहा, म्हणजे मिनिटाला ४० फेरे. १४४० फेऱ्यांच्या मोटरीवर दोन इंची पुली, ड्रम ज्यावर टेकून फिरतो त्या रोलरच्या दांड्यावर बारा इंची, म्हणजे रोलर २४० फिरतो. रोलर पाच सेंटिमीटरचा असेल तर त्याच्यावर बसलेला तीस सेंटिमीटरचा ड्रम बरोबर ४० फिरतो. मोटरीला अर्थिंग करा आणि ओला ड्रम तिच्या वर येईल अशी मांडणी करू नका.

कान लावून बघा. व्यवस्थित भरलेला ड्रम पावसासारखा सरसरतो. धप्-धप् आवाज आला तर माल उचलून आपटतोय, म्हणजे भर कमी आहे किंवा वेग जास्त. काहीच आवाज नाही तर माल घसरतोय किंवा चिकटलाय.

कोरडा ड्रम निम्म्याहून थोडा जास्त भरायचा आणि त्यात वस्तू भरीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. वस्तू वस्तूला लागली की ठोके पडतात. जड आणि हलकं एकत्र घालू नका. समईची जड बैठक आणि वरचा नाजूक मोर एका फेरीत गेले तर मोराची चोच राहत नाही. कोरड्या भरीला दर वेळी जुन्या धोतराच्या चार पट्ट्या, थोड्याशा रॉकेलमध्ये ओल्या करून पिळलेल्या, टाकायच्या. धूळ त्यांना लागते. त्या पट्ट्या वापरून झाल्या की उन्हात वाळवून टाकून द्या, चुलीजवळ ठेवू नका.

ओल्या ड्रमचं माझं माप: पिना सव्वादोन किलो, वस्तू नऊशे ग्रॅम, पाणी पावणेचार लिटर, भांड्यांच्या लिक्विडचा एक चमचा आणि लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड पाव चहाचा चमचा. दोन तास. मळ जास्त असेल तर ॲसिड वाढवू नका, पाणी बदलून आणखी एक तास द्या.

आंबटाबद्दल

कोकणात पितळ म्हटलं की चिंच नाहीतर आमसूल. वर्षानुवर्षं त्यावर देवघर उजळलं आहे, त्यात चूक काही नाही. पण हाताने दोन मिनिटं घासून लगेच धुणं वेगळं आणि ड्रममध्ये दोन तास फिरवणं वेगळं. आंबट जास्त झालं किंवा जास्त वेळ राहिलं तर पितळेवरचं जस्त आधी जातं आणि रंग गुलाबी पडतो. त्याहून मोठी अडचण मिठाची. आपली आमसुलं मिठाच्या रसात घोळवलेली असतात, आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, तर मीठच मीठ. ड्रममध्ये आमसूल टाकलंत म्हणजे जे समुद्रातून काढायला निघालो तेच परत घातलं. घालायचंच असेल तर बिनमिठाचं सुकवलेलं कोकम घ्या. मी घालत नाही, लिंबूसत्त्व चमच्याने मोजता येतं.

बंद ओल्या ड्रममध्ये ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं काही जाऊ देऊ नका. आम्ल असो की सोडा, त्यातून हायड्रोजन निघतो आणि झाकण फुगतं. झाकणाला बारीक छिद्र ठेवणं किंवा अर्ध्या तासानं एकदा उघडणं बरं.

अमोनियाचं कारण आता. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्याच्या जवळ साठवली जायची आणि त्यांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. पाऊस आला की तडे, म्हणून याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. १९२१ साली त्याचा उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून-ओढून घडवलेल्या पितळेतला आतला ताण हे तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. पुष्कळ घुंगरंही पत्रा ठोकून घडवलेली असतात, आणि पावसाळा तर आपल्याकडे आहेच. म्हणून अमोनियाचं पॉलिश नको, आणि उजळलेलं पितळ गोठ्याच्या माळ्यावर ठेवायचं नाही.

काडतुसाच्या पुंगळ्यांविषयी विचारणाऱ्यांना

हे सगळं तंत्र मी खरं तर त्या रिकाम्या पुंगळ्या साफ करणाऱ्यांकडूनच उचललं. अक्रोड, कणीस, पिना, सव्वादोन किलोचं माप, सगळं तिकडून आलेलं आहे. पिन १.२ मिलिमीटर जाड का, तर पुंगळीच्या बुडाचं छिद्र साधारण दोन मिलिमीटरचं असतं: एक पिन जाते, दोन एकदम शिरू शकत नाहीत. बाहेरदेशी लोक त्या पुंगळ्या पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे भरण्याचा परवाना नव्हे. कुणी भंगारातल्या पुंगळ्या आणल्या तर मी घेत नाही. कायद्याचं तर आहेच, पण एखाद्या पुंगळीच्या बुडात न उडालेली टोपी, म्हणजे ठोका बसला की पेटणारा भाग, असली तर ती फिरत्या ड्रममध्ये असायची वस्तू नव्हे. शिवाय उडालेल्या टोपीची शिशाची राख भरीत मिसळते आणि त्याच भरीत मी उद्या कुणाच्या लेकराच्या पायातली घुंगरं घालणार असतो.

शिसं फक्त पुंगळीत नसतं. जुन्या ओतीव पितळेत ते मिसळलेलं असतं. म्हणूनच स्वयंपाकाची भांडी ड्रममध्ये नाहीत, आणि म्हणूनच भर चाळताना नाकाला मास्क, काम उघड्यावर, वारा पाठीमागून. हात साबणाने धुतल्याशिवाय पानाचा डबा उघडायचा नाही. ओल्या ड्रमचं काळं पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतायचं नाही. मी ते प्लास्टिकच्या पिंपात साठवतो, गाळ खाली बसू देतो, वरचं पाणी पुढच्या फेरीच्या पहिल्या धुण्याला घेतो. गाळ वाळला की डब्यात बंद करून भंगारवाल्याच्या पितळेच्या चुऱ्यासोबत देतो.

धुणं आणि वाळवणं

यात घाई केलीत तर आधीची सगळी मेहनत फुकट.

खाडीकाठच्या आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्यात धुतलेलं पितळ वाळलं की त्यावर ठिपके उमटतात आणि आठ दिवसांत ठिपक्यांच्या जागी हिरवे बिंदू. जांभ्या दगडाच्या विहिरीचं पाणी पुष्कळदा गोडं असतं, पण त्यात लोहाची लाली असू शकते. मी शेवटचं धुणं पावसाच्या पाण्यात करतो. पहिला पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचा, मग पागोळ्याखाली स्वच्छ पिंप लावायचं आणि झाकून ठेवायचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, दोन पिंपं भरायला एक रात्र पुरते. पाणी किती स्वच्छ आहे ते बघायचं असेल तर काचेवर एक थेंब वाळवा. डाग राहिला तर ते पाणी शेवटच्या धुण्याला नको.

धुतलं की लगेच पुसा, हवेवर सोडू नका. सपाट वस्तू जुन्या सुती कापडावर. आटे, नळ्या आणि खोबणी असलेल्या वस्तू भाताच्या वाळलेल्या तुसात पुरून अर्धा तास हलवायच्या, मग तूस फुंकून टाकायचा. मे महिन्यात हे सगळं उन्हात तासाभरात होतं. जुलैमध्ये ऊन नसतं, तेव्हा मी चुलीच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या परातीत ठेवतो, हाताला चटका बसणार नाही इतपत उष्णता. जाळावर धरू नका, पितळेचा रंग उडतो.

आणि हातमोजे. घामातही मीठच असतं. उजळलेल्या पितळेवर उघड्या बोटानं धरलंत तर आज काही दिसणार नाही, महिन्याभरानं अंगठ्याचा ठसा तपकिरी उमटलेला असेल, पोलिसांनी घेतल्यासारखा.

वाळलेल्या वस्तूला लगेच मेण लावा. मधमाश्यांचं मेण किंवा फर्निचरचं कडक मेण, मऊ कापडानं अगदी पातळ, मग दुसऱ्या कापडानं पुसून. खोबरेल लावू नका. पहिल्या दिवशी झकास दिसतं, पण तेच तेल पुढे आंबट होऊन समईच्या वाटीतला तो हिरवा साबण परत तयार करतं. घुंगरांना मेण बाहेरून फक्त, फटीत गेलं तर पुन्हा शाहीरकाकांसमोर उभं राहावं लागेल.

भर राखणं

कोरडी भर कधी बदलायची? मूठभर घेऊन पांढऱ्या कपड्यावर घासा. तपकिरी पडली तर ठीक, काळी पडली आणि कापडाला चिकटली तर वेळ झाली. मी डब्यावर खडूनं फेऱ्या लिहितो. समईची भर आणि घुंगरांची भर वेगवेगळ्या डब्यात ठेवतो, कारण समईच्या भरीत काजळीचा अंश राहतोच आणि तो नव्या घुंगरांवर काळा बसतो.

पिना कधी बदलाव्या लागत नाहीत, पण वापरल्यावर गोड्या पाण्यात धुऊन, परातीत पसरून, पूर्ण वाळवून मगच डब्यात. ओल्याच ठेवल्यात तर स्टेनलेस असूनही खाऱ्या हवेत कडेला तांबूस होतात.

आणि ड्रम भरण्याआधी नेहमी एक काम: एक घुंगरू, एक नट, एक कडी, प्रत्येक प्रकारातली एकच वस्तू घालून अर्धा तास फिरवून बघा. ती काढून हलवा, फुंकर मारा, उजेडाकडे धरून भोकातून पलीकडे बघा. पलीकडचं दिसलं तरच बाकीची टोपली आत ओता.